उचलणे आणि टेकणे : घरगुती जॅकने स्पोर्ट्स कार उचलण्याच्या सूचनांचा भाषिक विचार

१. विषयाची मर्यादा

यंत्रे हाताळण्यासंबंधीचे सूचनापर लेखन हा मराठी गद्याचा एक उपेक्षित प्रांत आहे. ललित गद्याची शैली, वैचारिक गद्याचा विकास यांविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु ज्या गद्यातील एखादे क्रियापद चुकले असता वाचकाच्या जिवावर बेतू शकते, त्या गद्याच्या रचनेकडे भाषाभ्यासकांचे लक्ष क्वचितच वळले आहे. प्रस्तुत लेखात अशा एकाच मर्यादित क्रियेचा विचार केला आहे. ती क्रिया म्हणजे घरच्या गॅरेजात, हलवता येण्याजोग्या जॅकच्या साहाय्याने, स्पोर्ट्स कार सुरक्षितपणे उचलणे.

ही क्रिया मुख्यतः अमेरिका, इंग्लंड आदी देशांत रूढ आहे. तेथे मजुरी महाग असते, अनेक घरांना गॅरेज असते, आणि आपल्या मोटारीचे तेल बदलणे, ब्रेक तपासणे, चाके काढणे ही कामे अनेक मालक स्वतःच करतात. महाराष्ट्रात हे काम सामान्यतः पंक्चरवाल्याकडे किंवा गॅरेजातील मिस्त्रीकडे जाते. तथापि परदेशी स्थायिक झालेला मराठी माणूस सूचना वाचतो इंग्रजीत आणि मदतीस उभ्या असलेल्या घरच्या माणसाशी बोलतो मराठीत. तेव्हा त्याच्या तोंडी सहज येणारे वाक्य ‘गाडी जॅकवर आहे’ हे होय. या साध्या वाक्यात जे सांगितले जात नाही, तेच या क्रियेतील मुख्य संकट आहे. ते स्पष्ट करण्यासाठी प्रथम यंत्राचे आणि नंतर भाषेचे स्वरूप पाहणे इष्ट ठरेल.

२. बुटक्या मोटारीची अडचण

उदाहरणासाठी हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनांची मोटार घेता येईल. १९८९ साली शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात ती प्रथम दाखवण्यात आली. तिच्या पहिल्या पिढीतील गाडीचे वजन सुमारे ९५० ते १००० किलोग्रॅम, म्हणजे मोटारीच्या मानाने हलकेच आहे. एक टोक उचलताना त्यातील साधारण निम्मा भार जॅकवर येतो, आणि घरगुती वापराचे जॅक २ टनांचे असतात. यावरून ही मोटार उचलणे सोपे असावे असा समज होतो. तो फसवा आहे. अडचण वजनाची नसून जागेची आहे.

स्पोर्ट्स कारचा तळ जमिनीपासून बहुधा १०-१२ सेंटिमीटरच वर असतो. सामान्य चाकांचा जॅक तेवढ्या फटीत शिरत नाही. त्यासाठी बुटका, म्हणजे माथा सुमारे ८ सेंटिमीटरपर्यंत खाली नेता येणारा जॅक लागतो. पुढची उचलण्याची जागा चाकांच्या मधोमध, बरीच आत असल्याने जॅक आत सरकवला की त्याचा दांडा पुढच्या बंपरला अडतो. म्हणून जाणकार माणसे प्रथम जाड फळ्यांवर चाके चढवून गाडीला चार-पाच सेंटिमीटर उंची मिळवून देतात आणि मग जॅक आत सारतात.

दुसरी गोष्ट अशी की, गाडीचा तळ सर्वत्र सारखा बळकट नसतो. एमएक्स-५ मध्ये जॅकसाठी नेमलेली स्थाने मोजकीच आहेत: पुढची आडवी तुळई मध्यभागी, मागे डिफरन्शियलचे घर, आणि दोन्ही बाजूंस दाराखालून जाणाऱ्या पत्र्याच्या दुमडलेल्या कडेवर, चाकांच्या जवळ खाचांनी दाखवलेले मजबूत तुकडे. याच गाडीत गिअरपेटीपासून डिफरन्शियलपर्यंत अल्युमिनिअमची एक लांब चौकट जाते. ती वरकरणी भक्कम दिसते. परंतु ती उचलण्यासाठी नाही, आणि तिच्यावर जॅक लावल्यास ती वाकण्याचा संभव असतो. बैठकीखालील पत्राही असाच चेपतो. तात्पर्य, ‘गाडीखाली जॅक लावावा’ ही सूचना व्याकरणदृष्ट्या पूर्ण असूनही व्यवहारात निरुपयोगी आहे. या क्रियापदाला येथे स्थलवाचक पदाची नितांत गरज आहे, आणि ते पद त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावे लागते.

३. जॅक काय करतो

तेलाच्या जॅकचे तत्त्व पास्कलने सतराव्या शतकात मांडले. त्याचा यासंबंधीचा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. त्या तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट जोसेफ ब्रामा याने १७९५ साली इंग्लंडमध्ये घेतले. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो. लहान दट्ट्याने तेल दाबले असता तोच दाब मोठ्या दट्ट्यावर येतो. मोठ्याचा व्यास लहानाच्या तिप्पट असेल तर क्षेत्रफळ नऊपट होते, बल नऊपट मिळते आणि सरकण्याचे अंतर एक-नवमांश राहते. दांडा पुनःपुन्हा दाबावा लागतो तो यामुळेच.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. जॅकवर उचललेली गाडी दिसायला पोलादावर उभी असते. प्रत्यक्षात ती तेलाच्या एका लहानशा स्तंभावर उभी असते. तो स्तंभ रबराच्या एका कड्याने आणि एका झडपेने अडवलेला असतो. कडे झिजले, झडपेत कचरा अडकला किंवा कोणाचा पाय दांड्याला लागून झडप सैल झाली, तर गाडी खाली येते. कधी हळूहळू, कधी एकदम. गाडीबरोबर मिळणारा स्क्रूचा घडीचा जॅक याबाबतीत वेगळा असतो. आट्यांच्या घर्षणामुळे तो आपोआप उतरत नाही. पण त्याची बैठक अरुंद असल्याने तो कलंडतो. रस्त्यात चाक बदलण्यापुरताच तो दिलेला असतो.

चाकांच्या जॅकची आणखी एक खोड आहे. त्याचा माथा सरळ रेषेत वर जात नाही. तो एका बिजागरीभोवती वर्तुळाच्या कमानीत फिरतो. त्यामुळे वर जाताना तो आडवाही सरकतो. गाडी पाचरांनी जागच्या जागी अडवलेली असल्यास जॅकनेच आपल्या चाकांवर थोडे पुढेमागे व्हावे लागते. कठीण, सपाट काँक्रीटवर तो तसा होतो. खडीवर, मातीवर किंवा उन्हाने मऊ पडलेल्या डांबरावर त्याची चाके रुततात. मग माथा गाडीच्या कडेवरून घसरतो. जमीन कठीण व सपाट असावी, हा नियम म्हणूनच केवळ सावधगिरीचा उपचार नाही. जॅकच्या रचनेतूनच तो निघतो.

४. टेकू काय करतो

ज्या साधनावर गाडी काम होईपर्यंत ठेवावयाची त्यास इंग्रजीत अमेरिकन वापराप्रमाणे ‘जॅक स्टँड’ व ब्रिटिश वापराप्रमाणे ‘ॲक्सल स्टँड’ म्हणतात. त्यासाठी प्रस्तुत लेखात ‘टेकू’ हा मराठी शब्द वापरला आहे. त्याची मीमांसा पुढे येईल. टेकूला तीन किंवा चार पसरलेले पाय असतात, मधोमध वरखाली होणारा खांब असतो, आणि तो खांब दात्यांच्या पट्टीत बसणाऱ्या खिटीने किंवा आरपार जाणाऱ्या पिनेने ठरलेल्या उंचीवर अडकवलेला असतो. त्यात तेल नाही, झडप नाही. येथे भार खरोखरच पोलादावर असतो.

तथापि टेकूही तपासून घ्यावा लागतो. खिटी दात्यांत पुरेशी न बसल्यास टेकू भाराखाली अकस्मात बसू शकतो. या कारणास्तव २०२० साली अमेरिकेतील एका मोठ्या विक्रेत्याला आपले टेकू परत मागवावे लागले, आणि त्यांच्या बदल्यात दिलेल्या टेकूंपैकी काहींतही पुढे जोडकामाचा दोष आढळला. खिटीच्या जोडीला आडवी पिन असलेला टेकू अधिक भरवशाचा मानतात, तो यामुळेच.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत एक पेच विशेषत्वाने उद्भवतो. जॅक व टेकू या दोहोंना मजबूत जागा हवी असते, आणि मजबूत जागा थोड्याच असतात. बाजूच्या कडेवरील नेमक्या तुकड्यावर जॅक लावून गाडी उचलली, तर त्याच ठिकाणी टेकू कसा लावणार? यावर उपाय असा की, जॅक पुढच्या तुळईवर किंवा डिफरन्शियलखाली मध्यभागी लावावा आणि टेकू दोन्ही बाजूंच्या कडांखाली, खाच असलेली रबरी गादी मध्ये घालून ठेवावेत. अशा रीतीने उचलण्याची जागा व टेकण्याची जागा वेगळ्या होतात.

अलीकडे घरगुती वापरासाठी दोन लांब चौकटींचे, पंपाने चालणारे हलवते उचलयंत्रही मिळू लागले आहे. चौकटी गाडीच्या दोन्ही बाजूंखाली सारल्या की सबंध गाडी एकदम वर येते. येथेही तेच तत्त्व लागू पडते. अपेक्षित उंची गाठल्यावर यंत्र थोडे खाली घेऊन त्याच्या लोखंडी अडसरावर बसवावे लागते. केवळ तेलाच्या दाबावर ते ठेवले, तर दिसायला गॅरेजच्या मोठ्या लिफ्टसारखे असूनही ते साध्या जॅकइतकेच अविश्वसनीय ठरते. साधन कोणतेही असो, सुरक्षितता वर जाण्याच्या क्षणी येत नाही. नंतर थोडे खाली येऊन टेकण्याच्या क्षणी येते.

५. पाचर आणि क्रम

चाके अडवण्याच्या बाबतीत एक सार्वत्रिक गैरसमज आढळतो. ‘हातब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, आता ती हलणार नाही’ असे मानले जाते. एमएक्स-५ मध्ये हातब्रेक मागच्या चाकांवरच चालतो आणि गिअरचा अटकावही मागच्याच चाकांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे पुढचे टोक उचलताना या दोहोंचा उपयोग होतो. मागचे टोक उचलताच ती दोन्ही चाके हवेत जातात आणि दोन्ही अटकाव एकाच वेळी निष्फळ होतात. त्या क्षणी गाडीला जागेवर ठेवणारी वस्तू एकच उरते: पुढच्या चाकांना लावलेली पाचर.

चारही चाके उचलावयाची असल्यास धोका आणखी वाढतो. पुढचे टोक टेकूंवर ठेवून मागचे उचलू लागले की, सबंध गाडी पुढच्या टेकूंच्या माथ्यांभोवती किंचित फिरते आणि ते टेकू कलू लागतात. शिवाय आता एकही चाक जमिनीवर नसल्याने पाचर लावण्यास जागाच राहत नाही. म्हणून हे काम थोड्या थोड्या उंचीने, दोन्ही टोकांस आळीपाळीने करतात, आणि प्रत्येक टप्प्यावर टेकूंचे सर्व पाय जमिनीला लागलेले आहेत ना, हे पाहतात.

क्रमाचा हा प्रश्न भारतीय विचारपरंपरेस अपरिचित नाही. पूर्वमीमांसेत क्रमनिर्णयाची सहा प्रमाणे सांगितली आहेत. त्यांतील अर्थक्रमाचे प्रसिद्ध उदाहरण अग्निहोत्राचे आहे. तेथे होमाचा उल्लेख आधी आणि यवागू शिजवण्याचा उल्लेख नंतर येतो. परंतु शिजलेल्या यवागूनेच होम करावयाचा असल्यामुळे शिजवणे आधी घडते. अर्थक्रम पाठक्रमाहून बलवत्तर ठरतो. मीमांसक वाक्य वाचून, थांबून, विचार करून हा निर्णय घेतो. काँक्रीटवर आडवा झालेला मनुष्य तसे करीत नाही. तो पाठक्रमानेच वागतो. ‘गाडी उचलून चाकाचे नट सैल करावेत’ असे लिहिले तर तो आधी गाडी उचलील आणि मग घट्ट नट फिरवण्यासाठी पान्याला जोर देईल. तो जोर उचललेल्या गाडीला बसेल. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करावे लागतात, आणि अखेरचे घट्ट करणेही गाडी खाली आल्यावरच करावे लागते. सूचनापर लेखनात पाठक्रम व अर्थक्रम एकच असला पाहिजे, हा त्याच्या रचनेचा पहिला नियम म्हणता येईल.

६. नावांची साक्ष

या दोन साधनांना निरनिराळ्या भाषांत दिलेली नावे बोलकी आहेत. ‘जॅक’ हे मुळात इंग्रजीतील सामान्य पुरुषनाम. कोणताही हरकाम्या पोरगा म्हणजे ‘जॅक’. त्यावरून माणसाचे श्रम वाचवणाऱ्या अनेक साधनांना ते नाव मिळाले. उचलण्याचे कष्ट करणारा गडी, ही त्यामागील कल्पना. स्पॅनिशमध्ये याच साधनाला ‘गातो’, म्हणजे मांजर म्हणतात. जर्मन शब्दाचा अर्थ सरळ ‘गाडी-उचलक’ असा होतो.

टेकूची नावे मात्र वेगळ्या कुळातील आहेत. फ्रेंच भाषा त्याला ‘शांदेल’, म्हणजे मेणबत्ती म्हणते. इटालियनमधील ‘काव्हालेत्तो’ या शब्दाचा अर्थ लहान घोडा असा आहे. जर्मन संज्ञेचा आशय ‘खाली ठेवावयाची घोडी’ असा आहे. मराठीतही लाकडी आधारचौकटीला घोडी म्हणतात, हे येथे स्मरणीय आहे. या भाषांत उचलणारा आणि आधार देणारा यांची नावे परस्परांपासून दूर आहेत. अमेरिकन इंग्रजीत मात्र ‘स्टँड’च्या मागे पुन्हा ‘जॅक’ लागला आणि दोन साधने एका नावाखाली आली. मराठीने हाच जोड उसना घेतला आणि बोलताना त्याचे उत्तरपद गाळले. ‘गाडी जॅकवर आहे’ या वाक्यातून गाडी तेलावर आहे की पोलादावर, हे कळेनासे झाले ते असे.

७. क्रियापदांचा भेद

मराठी क्रियापदांकडे पाहिले असता हा भेद भाषेत आधीपासूनच आहे असे दिसते. ‘उचलणे’ या क्रियेला कर्ता लागतो, आणि वस्तू वर राहणे हे त्या कर्त्याच्या चालू प्रयत्नावर अवलंबून असते. कर्त्याने हात सोडला की वस्तू पडते. ‘टेकणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. टेकलेल्या वस्तूला कर्त्याच्या प्रयत्नाची गरज नसते. तिला आधार पुरतो. ‘टेकवणे’ या प्रयोजक रूपात कर्ता येतो, परंतु तो वस्तूला आधारावर सोपवून मोकळा होतो. ‘टेकू’ हे नाम याच धातूपासून आलेले आहे. वाकलेल्या भिंतीला, फळांनी लवलेल्या फांदीला टेकू देतात, हे प्रत्येक मराठी भाषिकाला ठाऊक असते. म्हणून जॅक हा उसना शब्द उचलण्याच्या साधनापुरता ठेवावा आणि आधाराच्या साधनाला टेकू म्हणावे. तसे केल्यास ‘गाडी अजून जॅकवर आहे’ व ‘गाडी टेकूंवर आहे’ ही दोन वाक्ये ऐकणाऱ्याला दोन भिन्न स्थिती सांगू लागतील.

गोंधळाला भाषेतील आणखी एक सवय कारणीभूत आहे. ‘उचलून धरणे’ हा मराठीचा रूढ प्रयोग आहे. मूल उचलून धरतात, पडदा उचलून धरतात. मनुष्याचा हात उचलतो आणि तोच धरूनही ठेवतो. या शारीरिक अनुभवामुळे जे साधन उचलते ते धरूनही ठेवील, असे मन गृहीत धरते. जॅकला हा नियम लागू पडत नाही.

याच्याच जोडीला ‘-ऊन’ प्रत्ययान्त रूपाचा विचार केला पाहिजे. ‘गाडी उचलून खाली काम करावे’ या वाक्यात पहिली क्रिया पूर्ण झाली असून तिचा परिणाम दुसऱ्या क्रियेच्या काळात टिकून आहे, असा अर्थ ध्वनित होतो. वाक्य सुटसुटीत आहे. पण या दोन क्रियांमध्ये टेकू सारणे, गाडी टेकवणे आणि हलवून पाहणे अशा तीन क्रिया गळून गेल्या आहेत. कथेत असे गाळणे हा गुण ठरेल. सूचनेत तो प्राणघातक दोष होय. जेथे मधली पायरी आवश्यक आहे तेथे ‘-ऊन’ रूप टाळून प्रत्येक क्रियेला स्वतंत्र वाक्य व स्वतंत्र क्रियापद द्यावे. शेवटची अट ‘मगच’, ‘झाल्याशिवाय नये’ अशा निश्चयवाचक रचनेने बांधावी.

८. एक नमुना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचनापाठ तयार होतो. तो गाडीचे पुढचे टोक उचलण्यासाठी आहे. विशिष्ट गाडीच्या पुस्तिकेची जागा तो घेत नाही.

१. गाडी काँक्रीटच्या सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी. गाडीत कोणीही बसू नये.
२. हातब्रेक ओढावा. गाडी गिअरमध्ये ठेवावी.
३. मागच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून पाचर लावावी.
४. पुढची चाके काढावयाची असल्यास त्यांचे नट आताच थोडे सैल करावेत. पूर्ण काढू नयेत.
५. पुस्तिकेत दाखवलेल्या मधल्या जागी जॅकचा माथा लावावा.
६. गाडी थोडी उचलावी. थांबावे. माथा जागेवर आहे व जॅकची चाके मोकळी आहेत, हे पाहावे. मग पुढे उचलावी.
७. दोन्ही बाजूंच्या नेमलेल्या जागांखाली टेकू ठेवावेत. दोहोंची उंची सारखी करावी. खिटी दात्यांत पूर्ण बसली आहे, हे पाहावे. पिन असल्यास घालावी.
८. जॅकची झडप हळूहळू सैल करावी. गाडी टेकूंवर टेकवावी.
९. गाडीला बाजूने हाताने जोर द्यावा. ती हलल्यास पुन्हा उचलावी व टेकू नीट लावावेत.
१०. चाके काढावयाची असल्यास आता काढावीत व गाडीच्या कडेखाली आडवी ठेवावीत.
११. नववी सूचना पार पडल्याशिवाय शरीराचा कोणताही भाग गाडीखाली नेऊ नये.

या पाठात ‘-ऊन’ प्रत्ययान्त क्रियारूप एकदाही आलेले नाही, ‘उचलणे’ आणि ‘टेकवणे’ यांची अदलाबदल झालेली नाही, आणि पाठक्रम हाच अर्थक्रम आहे. वाङ्मयीन दृष्टीने हे गद्य रुक्ष व पुनरुक्तीने भरलेले वाटेल. परंतु हे वाचणारा मनुष्य थोड्याच वेळात अर्ध्या टनाच्या भाराखाली पाठीवर झोपणार आहे. त्याला लागणारा शब्द त्याच्या मातृभाषेत आहे. तो योग्य जागी योजणे एवढेच काम लेखकाकडे उरते.